अंगठीवरची काळी टेप

१८ डिसेंबर. मेथीच्या चार जुड्या निवडायच्या होत्या आणि कामाचा हात एकच होता.

एका हाताने मेथी निवडता येते. जुडी मांडीखाली दाबून धरायची, उजव्या हाताने ओढायचं, आणि पान, काडी, मूळ, माती जे काही हाती येईल त्याला मेथी म्हणायचं. डावा हात गळ्यातल्या झोळीत, बोटं खांद्याच्या वर. हात छातीच्या वरच राहिला पाहिजे असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे नोव्हेंबर संपल्यापासून मी घरभर अशी वावरत होते, की जणू सगळ्या वर्गात उत्तर फक्त मलाच येतंय. प्रत्यक्षात उत्तर येत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाऊन ते द्यायचं होतं.

प्रश्न एवढाच होता, की डाव्या हाताचं अंगठीचं बोट ठेवायचं की काढायचं.

ठेवायचं असेल, तर हात पोटाला शिवायचा. मी हे गमतीने लिहीत नाही. त्या बोटावरची कातडी सोलून निघाली होती. पहिल्या ऑपरेशनमध्ये बसवलेली कातडी अर्धीमुर्धी धरली, शेंडा काळा पडला, आणि मध्ये एक पट्टा उघडाच राहिला. तिथे नवी कातडी आणायची, तर जांघेजवळच्या कातडीचा एक पदर उचलून त्यात बोट शिवायचं आणि ती रुजेपर्यंत हात तिथेच ठेवायचा.

"म्हणजे तीन-एक आठवडे मी खिशात हात घालून फिरल्यासारखी दिसणार?" मी डॉक्टरांना विचारलं होतं.

"साधारण तसंच, काकू," डॉक्टर म्हणाले. ते माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असतील. पण हाताचे डॉक्टर असल्यामुळे चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष नसावं, अशी मी माझी समजूत घातली.

नंतर पुन्हा कापून हात मोकळा करायचा, मग तो पदर पातळ करायचा, मग व्यायाम. एवढं सगळं झाल्यावर बोट राहील, दिसेल, पण वाकणार नाही. काढायचं असेल, तर एकच ऑपरेशन. शेजारची बोटं जवळ आणून फट बुजवतात, नाहीतर मुठीतून चिल्लर गळते. जोर थोडा कमी होईल. किती कमी, ते आधी सांगता येत नाही.

"ही भाजी हाय का गवत?" सासूबाईंनी परात पुढ्यात ओढली. "सगळ्या काड्या घेतल्या बाई तू. दे इकडं."

"एका हाताने जेवढं जमतं तेवढंच जमणार, आई."

"मंग कोनी सांगितलंय? गप बसून ऱ्हायचं."

गप बसून राहणं हे मला कधीच जमलेलं नाही, आणि त्यातूनच हे सगळं झालं.

मी वीज कंपनीत तंत्रज्ञ आहे. गावोगावी याला वायरमन म्हणतात आणि मला वायरमन बाई. आमचं सेक्शन ऑफिस आग्रा हायवेला लागून, द्राक्षबागांच्या भागात. आमच्याकडे खांबावर चढणारी बाई मी एकटीच. त्यामुळे दरवर्षी आठ मार्चला साहेबांचा फोन येतो, की हेल्मेट घालून या, फोटो काढायचाय. मी कुठल्यातरी बंद लाईनच्या खांबावर अर्ध्यापर्यंत चढते, वळून हसते, उतरते. खाली चहा-समोसे असतात आणि मग मी सुरक्षिततेवर चार शब्द बोलते. चार शब्दांत माझं कधी भागत नाही.

सुरक्षितता हा माझा आवडता विषय होता. सेक्शनमध्ये एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा मीच आणून ठेवला. सकाळी लाईनवर निघण्याआधी घड्याळ, कडं, साखळी, अंगठी, सगळं त्या डब्यात. अंगावर धातू नको. डबा घेऊन मी दारातच उभी राहायचे. देवाचं कडं आहे म्हणणाऱ्याला मी सांगायचे, देव समजून घेईल, करंट समजून घेत नाही. लग्न नुकतंच झालंय म्हणणाऱ्याला सांगायचे, मग तर काढच. माझे लाईनवरचे जोडीदार नाना, सटाण्याकडचे, निवृत्तीला टेकलेले, रोज आपली चांदीची अंगठी टाकताना म्हणायचे, "घ्या बाई, दक्षिणा."

आणि माझ्या स्वतःच्या बोटात अंगठी होती.

ती निघत नव्हती. लग्नात घातली तेव्हा मी चवळीच्या शेंगेसारखी होते, आता दुधी भोपळा आहे. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. सोनाराकडे जाऊन कापून आणायची, एवढंच राहिलं होतं. सोनार घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण मला वेळ नव्हता, कारण मी लोकांच्या अंगठ्या काढण्यात गुंतले होते. म्हणून मी एक शास्त्रशुद्ध उपाय शोधला. रोज सकाळी अंगठीवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळायची. तीन वेढे, घट्ट, कड दाबून. आता अंगठीला करंट लागणार नाही, मग प्रश्न मिटला. नानांनी एकदा बोटाकडे बघून विचारलं, "हे काय, जॉइंट मारला का?" मी म्हटलं, "इन्सुलेट केलंय." त्यांनी मान हलवली आणि शिडी उचलली. तसंही, तीन वेढ्यांनी वरच्या लाईनचा करंट थांबत नाही हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. पण आमच्या धंद्यातल्या माणसाला जगात एकच धोका दिसतो आणि तो तारेतून येतो. त्याच्यावर काहीतरी बंदोबस्त केला, की आम्ही बिनघोर.

त्या दिवशी एका बागेतल्या डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, काम करून आम्ही पिकअपने परत आलो. वर चढले, तारा जोडणारा जंपर बांधला, उतरले, काहीही झालं नाही. हेल्मेट होतं, कमरेचा झुला होता, हातमोजे होते. सेक्शनच्या दारात गाडी थांबली. मी मागे शिडी धरून उभी होते. नेहमीसारखा डावा हात गाडीच्या मागच्या फाळक्यावर ठेवला आणि खाली उडी मारली. फाळक्याला दोर बांधायचे लोखंडी आकडे असतात. मी खाली आले. अंगठी वर राहिली. बोटावरची कातडी अंगठीबरोबर सोलत जाऊन शेंड्याला लोंबत राहिली.

आयुष्यभर मी लोकांचे वीजचोरीचे आकडे काढत आले आणि शेवटी आकड्यालाच लागले. उंची किती, तर लहान मूलही उतरेल एवढी. खांबावरून पडले असते तर निदान ऐकायला बरं वाटलं असतं.

दुखलं नाही. पहिल्यांदा दुखत नाही हे खरं आहे. मी बोटाकडे बघितलं, आणि मला वाटलं, हातमोजा निघाला. मग लक्षात आलं की हातमोजे मी आधीच काढून ठेवले होते. नानांनी गळ्यातला गमछा माझ्या हाताला गुंडाळला, मला पुढच्या सीटवर ढकललं, आणि मग ते आकड्यावरची अंगठी काढून आत जाऊन डब्यात टाकून आले. सवयीने. टेप तशीच शाबूत होती. टेप मी चांगली गुंडाळते.

नाशिकला जाताना मी सारखी विचारत होते, "परमिट परत दिलं का? लाईन चालू करायला सांगितली का?" काम संपल्यावर लाईन बंद ठेवायचं हे परमिट परत करून उपकेंद्राला तसं कळवावं लागतं, नाहीतर लाईन बंदच राहते आणि शेतकरी आम्हाला शिव्या घालतात.

"दिलं. गप बसा."

"वेळ लिहिली का?"

"बाई, तुमचं बोट लोंबतंय आणि तुम्ही मला वेळ विचारताय?"

नाशिकात शिरताना द्वारकेच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या. तिथे मात्र दुखायला लागलं.

बोट वाचवायला डॉक्टरांनी बराच वेळ खर्च केला, सूक्ष्मदर्शकाखाली शिरा जोडल्या. मी घरी आले, आणि मग माणसं यायला लागली. आमचं घर मखमलाबादच्या बाजूला आहे. नवरा फुलं करतो, झेंडू आणि शेवंती. घराला कुंपण आहे, पण फाटक कधी लावलेलं नसतं. येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"करंट बसला?"

"नाही हो. गाडीतून उतरताना अंगठी अडकली."

समोरचा चेहरा पडायचा. नारळपाणी घेऊन एवढ्या लांब आलेल्या माणसाला गाडीतून उतरताना हे ऐकायचं नसतं. काहींना तर वाटायचं, मी काहीतरी लपवतेय. शेवटी शेवटी मी "हो, बसला" म्हणायला लागले. त्यांना बरं वाटायचं, माझाही वेळ वाचायचा. एक मावशी म्हणाल्या, "अंगठीनं वाचवलं गं तुला. जिवावरचं होतं, अंगठीवर निघून गेलं." मी त्यांना सांगायला तोंड उघडलं, की मावशी, अंगठीनेच घेतलं. सासूबाईंनी मला चहा करायला आत पाठवलं. एका हाताने.

आमच्या धंद्यात हाताला काही ना काही झालेलं असतंच. लग्नात पंगतीला बसलेला माणूस लाईनवरचा आहे की नाही, हे मी पत्रावळीकडे गेलेल्या हातावरून ओळखते. नानांच्या करंगळीला शेंडा नाही. खांब उभा करताना खाली दगड सरकवायला हात घातला होता. दुसऱ्या एकाचा तळवा ठिणगीने भाजून असा आखडलाय की त्याला टाळी वाजवता येत नाही. आणि एकजण आहे, माझ्याबरोबर नोकरीला लागलेला. लाईन बंद होती, परमिट होतं, सगळं नीट होतं. पण कुणीतरी आपल्या बागेतला जनरेटर उलटा लाईनवर सोडला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत गेले. मी त्याच्याकडे जाते. त्याची बायको त्याच्या शर्टाची बटणं लावता लावता माझ्याशी नेहमीच्या गप्पा मारते, भाज्या किती महागल्या वगैरे. त्याच्याबद्दल मला काही गमतीचं लिहिता येत नाही.

त्या मानाने माझं एक बोट. ते मला कळत होतं. तरीही उत्तर सुचत नव्हतं, आणि त्याला कारण आमचे साहेब.

साहेब भेटायला आले ते डाळिंबं घेऊन. चांगला माणूस. बसले, पाणी प्यायले, म्हणाले, "मॅडम, आता धावपळ बंद. बिलाच्या तक्रारींचं काउंटर आहे ना, तिथे मला तुमच्यासारखी खमकी बाई पाहिजेच होती. खुर्ची आहे, पंखा आहे."

"मी बरी झाल्यावर लाईनवर येणार आहे, साहेब."

"हो हो. बघू ना. फिटनेस येऊ दे." आणि त्यांची नजर माझ्या झोळीवर गेली. ते बोटं मोजत होते.

तेव्हाच मी ठरवून टाकलं. हात पाच बोटांचा दिसला पाहिजे. फिटनेस द्यायला बसलेला डॉक्टर काय बघणार? हात पुढे करा म्हणणार. पाच दिसली की सही करणार. चार दिसली की खुर्ची, पंखा, आणि रांगेत उभ्या माणसांचं "मीटर बघायला कुणी आलंच नाही, बिल कसं आलं?" हे निवृत्तीपर्यंत. बोट वाकत नाही हे कोण बघतंय? शिवाय आठ मार्चचा फोटो. तो मला अजिबात आवडत नाही असं मी दरवर्षी सांगते. पण तो काढायला मला पुन्हा कुणी बोलावणार नाही, हा विचार मनात आला, तेव्हा पोटाला हात शिवून घ्यायची माझी तयारी झाली होती.

अशी मी व्यवहारी बाई.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती, ती मी ऐकली नव्हती. म्हणजे ऐकली होती, आमचे लोक माझं भाषण ऐकतात तशी. मान हलवत.

मेथी सासूबाईंच्या ताब्यात गेली आणि दुपारी नाना आले. ड्युटी संपवून, खांद्यावर हातदोराचं वेटोळं घेऊन. वर चढलेल्या माणसाला खालून सामान द्यायचं असतं, त्याचा हा दोर. वर नाना असले की खाली दोर माझ्या हातात, वर मी असले की त्यांच्या. वर्षानुवर्षं.

"कसा शे हात?"

"बरा आहे. उद्या सांगायचंय. ठेवायचं म्हणते."

"काय?"

"बोट."

"ठेवा की. तुमचं बोट शे, आम्ही कोण?" त्यांनी चहाचा कप घेतला, बशीत ओतला. "कुठं ठेवणार? शोकेसमध्ये?"

सासूबाई मेथी टाकून हसायला लागल्या. "काय गुणाचा माणूस हाय!"

"नाना, चार बोटं बघून साहेब मला काउंटरला बसवतील."

"अन् पाच बघून?"

"लाईनवर पाठवतील."

"बरं." त्यांनी चहा संपवला, उठले, आम्ही बसलो होतो त्या फुलं भरायच्या शेडच्या आडव्या पाइपवरून दोर टाकला, एका टोकाला बादली बांधली. नळाखाली ती अर्धी भरली. मग ओढून वर घेतली आणि दुसरं टोक माझ्याकडे धरलं. "धरा. डाव्यानं. नुसतं धरायचं, ओढायचं नाय."

"अहो नाना, तिचं ऑपरेशन झालंय," नवरा शेवंतीच्या वाफ्यातून ओरडला.

"अंगठीच्या बोटाला दोर लागू देत नाय मी. बाकीची बोटं हलवायची परवानगी शे ना?"

होती. रोज हलवतच होते. झोळीतून हात काढला. अंगठा, तर्जनी, मधलं, करंगळी. अर्धी बादली म्हणजे काय! मी याच हाताने डीपीवरचं सामान तोलून धरलंय. मी दोर धरला, नाना बाजूला झाले.

बादली धरता येत नव्हती. मी मूठ आवळत होते आणि मूठ बंदच होत नव्हती. मधलं बोट अर्ध्यात थांबलं, करंगळी तर हवेतच. दोर त्यांच्यातून शांतपणे सरकला, आणि बादली मेथीच्या परातीवर आली.

मेथी अंगणभर.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "धुवायचीच होती."

"पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नानांनीच दोर काढून घेतला.

तेव्हा मला डॉक्टर आठवले. त्यांनी हातात रबरबँड घेऊन दाखवलं होतं, की मधलं, अंगठीचं आणि करंगळी, या तिघांना मागून ओढणारा स्नायू एकच आहे. एक बोट ताठ राहून अडलं, की शेजारची दोन पूर्ण मिटत नाहीत. जोर असूनही मिटत नाहीत. "तुम्ही हाताने काम करता, म्हणून सांगतोय," असंही ते म्हणाले होते. मी त्या वेळी भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघत होते. त्याचं अर्थिंग मला बरोबर वाटत नव्हतं.

"खाली दोर तुमच्या हातात अन् वर मी," नाना वेटोळं करत म्हणाले. "मला रिटायर व्हायचंय बाई. पुरं. आहे तेवढं सगळं घेऊन."

"आणि बोट काढून जोर आलाच नाही तर? डॉक्टर खात्री देत नाहीत."

"नाय आला तर नाय आला. बसा काउंटरला."

"तुम्हाला सोपंय बोलायला."

"मला काय सोपं?" त्यांनी आपली शेंडा नसलेली करंगळी माझ्यासमोर धरली. "हिच्यापायी मला सहा महिने स्टोअरला बसवलं होतं. खिळे मोजत. मी साहेबाशी भांडलो रोज. भांडायला कुठं बोटं लागतात? अन् भांडणात तुमचा हात कोण धरणार?"

ते गेल्यावर मी अंगणातली मेथी गोळा केली. मला राग आला होता. नानांचा नव्हे. माझी हिशेबी बुद्धी जागेवर आहे असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि मी हात निवडत होते तो साहेबांना दाखवायला. साडी निवडावी तसा. कामाला तो चालतो का, हे बघायचंच राहिलं. खांबावर चढणाऱ्या दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर मी त्याला डब्यासमोर उभं करून अर्धा तास बोलले असते.

संध्याकाळी नवरा शेवंतीच्या जुड्या बांधत होता. मी जवळ जाऊन बसले. उजव्या हाताने मला सुतळीचे तुकडे देता येत होते, तेवढे देत होते.

"काढते," मी म्हटलं.

तो पहिल्या दिवसापासून "तुला वाटेल ते कर" म्हणत होता. त्याचं मला फार बरं वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला त्याच्याशी वाद घालायचा होता, आणि तो संधीच देत नव्हता.

"बरं," तो म्हणाला. एक जुडी बांधली, दुसरी घेतली. मग म्हणाला, "मी म्हणत होतो, काढलेलं बरं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू उलटं केलं असतंस."

हे खरं होतं. मी त्याला सुतळीचा पुढचा तुकडा दिला.

"उद्या मार्केटला जात नाही मी," तो म्हणाला. "तुझ्याबरोबर येतो."

"ही एवढी फुलं?"

"पाण्यात ठेवतो. एक दिवस निघेल."

"शेवंती मऊ पडते."

"पडू दे."

जेवायच्या आधी मी नखं कापायला बसले. डावा हात सासूबाईंच्या मांडीवर दिला आणि त्यांनी चष्मा लावून चारही बोटांची नखं कापली. पाचव्यापाशी थांबल्या, काळ्या शेंड्याकडे बघितलं, नेलकटर मिटवलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. मीही राहू दे म्हटलं. मेथीच्या भाजीत कचकच लागत होती. तरी सगळ्यांनी ती संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात गेले. डॉक्टरांना सांगितलं, "काढा."

"नक्की, काकू?"

"नक्की. फट नीट बुजवा. मला दोर धरायचाय."

"जोर पहिल्याइतका येईलच, असं मी म्हणत नाही."

"मीही म्हणत नाही. मूठ मिटू दे, मग मी आणि आमचे साहेब बघून घेऊ."

त्यांनी कागद दिला, मी सही केली. मग ऑपरेशनचे कपडे घालून कॉटवर बसले असताना नर्स काळं पेन घेऊन आली आणि माझ्या बोटावर बाण काढायला लागली. आमच्याकडे लाईन बंद करून घेताना फीडरचं, म्हणजे त्या लाईनचं, नाव दोन्हीकडच्यांनी मोठ्याने म्हणायचं असतं, एकाने म्हटलेलं चालत नाही. मी तिला म्हटलं, "आता बोला. कुठला हात?"

"डावा."

"डावा. कुठलं बोट?"

"अंगठीचं, मावशी. माहितीये मला."

"करंगळीकडून कितवं?"

"दुसरं."

"दुसरं. आता तुमच्या सरांना बोलवा, त्यांनाही म्हणू द्या."

तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खरंच बोलावलं. डॉक्टर आले, माझा हात हातात घेऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "डावा हात, करंगळीकडून दुसरं." मी होकार दिला. कॉट आत ढकलायला माणूस आला. नवरा बाहेरच्या बाकड्यापाशी उभा होता, चपला हातात धरून, कारण कुणीतरी त्याला त्या काढायला सांगितलं होतं आणि ठेवायची जागा सांगितली नव्हती. दारातून कॉट वळताना मला आठवलं, म्हणून त्याला हाक मारली.

"अहो, फुलांवर ओलं फडकं टाकलं का?"

"टाकलंय," तो म्हणाला. "जा आता."

मी गेले.